रॉकेल, साबण आणि लाल कोळी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. पण साध्यासुध्या वस्तूंनाही इतिहास असतो, आणि कधी कधी तोच जास्त शिकवून जातो. आज अशाच एका वस्तूबद्दल लिहावंसं वाटतंय. हिवाळा संपता संपता झाडांवर फवारायचं तेल. विषय रुक्ष वाटेल, पण थोडा धीर धरा. या तेलाच्या गोष्टीत रॉकेल आहे, साबण आहे, दुसरं महायुद्ध आहे, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आहे आणि आमच्या वसाहतीतली तीसेक हेमलॉकची झाडंही आहेत.

आधी खलनायकाची ओळख करून देतो. ‘लाल कोळी’ हे नाव महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला नवं नाही. वांगी, भेंडी, गुलाब, कशावरही तो येतो. नाव कोळी असलं तरी हा जाळं विणून माश्या पकडणारा कोळी नव्हे, पण भाऊबंद त्याचाच. सहा पायांच्या कीटकांत तो बसत नाही, त्याला आठ पाय असतात. आकार अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कागदावरचा पूर्णविराम चालू लागला तर दिसेल तसा. पानाच्या पेशी एकेक करून फोडायच्या आणि आतला रस शोषायचा हा त्याचा उद्योग. आधी पानावर पांढुरके ठिपके येतात, मग पान तांबूस, करपल्यासारखं दिसतं. उन्हाळ्यात काही जातींची अंड्यापासून अंड्यापर्यंतची एक पिढी आठ-दहा दिवसांत पुरी होते. हा हिशेब केला की महिन्याभरात झाडाचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

मी राहतो तो भाग अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा. इथे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत झाडं मेल्यासारखी उभी असतात. आपल्याकडे पानगळ होते, पण पळसाची पानं झडतात न झडतात तोच फुलं येतात. इथल्यासारखी चार-पाच महिन्यांची गाढ झोप आपल्याकडच्या झाडांना माहीत नाही. या झोपेला मराठी शेतीपुस्तकांत ‘सुप्तावस्था’ म्हणतात. पण झाड झोपलेलं असताना त्याच्या अंगावर कोळ्यांची पुढची पिढी तयारच असते. सफरचंदावरच्या लाल कोळ्याची लालभडक अंडी डहाळ्यांच्या बेचक्यांत इतकी दाटीवाटीने असतात की कधी कधी डहाळीच तांबडी दिसते. स्प्रूस आणि हेमलॉकसारख्या सूचीपर्णी झाडांवरच्या कोळ्याची अंडी सुयांच्या बुडाशी असतात. पाच महिने ती तिथेच, हलू न शकणारी. शत्रू पळू शकत नाही, झाडाला कोवळी पालवी नाही, मधमाश्या फिरत नाहीत. फवारायला याहून चांगली वेळ कुठली? हे सगळं आज सोपं वाटतं, पण माणसाला इथवर यायला सत्तर-ऐंशी वर्षं लागली.

सुरुवात रॉकेलपासून झाली. १८५९ साली याच पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल गावाजवळ एडविन ड्रेकने तेलाची विहीर खोदली आणि थोड्याच वर्षांत दिव्याचं तेल घरोघर पोचलं. आपला ‘रॉकेल’ हा शब्दही ‘रॉक ऑइल’वरूनच आलेला. एकदा घरात स्वस्त आणि उग्र वासाचं तेल आल्यावर ते किडींवर ओतून बघायचं कुणाच्या तरी डोक्यात येणारच. आपल्याकडे ढेकणांवर, मुंग्यांवर आणि मोरीवर रॉकेल ओतलं गेलंच ना! अमेरिकेतल्या बागाईतदारांनी ते झाडांवर शिंपडलं. कीड मेली, पण बऱ्याचदा झाडही मेलं. नुसतं रॉकेल साल आणि पानं जाळून टाकतं. पाण्यात घालावं तर ते वर तरंगतं. अर्ध्या झाडावर नुसतं पाणी पडे आणि उरलेल्या अर्ध्यावर निव्वळ रॉकेल.

तोडगा निघाला साबणाचा. साबणाच्या गरम पाण्यात रॉकेल घालून जोराने घुसळलं की दुधासारखं पांढरं मिश्रण होतं आणि तेलाचे बारीक कण पाण्यात सारखे पसरतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातले कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली आणि त्यांचे सहकारी हेन्री हबर्ड यांनी फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागांसाठी याचं प्रमाण बसवलं. दोन गॅलन रॉकेल, अर्धा पौंड साबण आणि एक गॅलन पाणी. फवारताना ते आणखी पाणी घालून पातळ करायचं. संत्र्यांच्या किडींवरचं हबर्डचं पुस्तक १८८५ साली निघालं आणि हे मिश्रण जगभर गेलं. हिंदुस्थानात हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हे पुसाच्या संस्थेत सरकारी कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९०६ साली हिंदुस्थानातल्या पिकांवरच्या किडींचं पुस्तक लिहिलं, त्यातही तेल आणि साबणाच्या मिश्रणांचा सल्ला आहेच.

हे मिश्रण काम कसं करतं? इथे मला माझ्या आजीची आठवण होते. वर्षाचं धान्य भरायचं म्हटलं की ती तुरीच्या डाळीला एरंडेल चोळून ठेवायची. ‘कीड लागत नाही’ एवढंच तिचं स्पष्टीकरण. एरंडेलात काहीतरी औषध असणार असं मला लहानपणी वाटायचं. खरी गोष्ट साधी आहे. दाण्यावर तेलाचा पातळ थर बसला की किड्याच्या अंड्याला हवा मिळत नाही आणि आतला जीव गुदमरतो. साचलेल्या पाण्यावर तेल टाकून डासांच्या अळ्या मारतात, तेही हेच. झाडावरचं तेल मुख्यतः असंच मारतं. ते विषासारखं शरीराच्या यंत्रणेत शिरून एखादी कळ फिरवत नाही. ते दार बंद करतं. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला.

कसा, ते सांगतो. १८७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे परिसरात एक बारीक खवले कीड दिसू लागली. १८८१ साली जॉन कॉमस्टॉक यांनी तिला शास्त्रीय नाव देताना ‘पर्निसिओसस’, म्हणजे सर्वनाशी, असं विशेषण लावलं. रोपवाटिकांतल्या कलमांबरोबर ती देशभर पसरली आणि १८९३ साली पूर्व किनाऱ्यावर व्हर्जिनियात सापडली. पुढे ती आपल्या काश्मीर आणि हिमाचलच्या सफरचंदांपर्यंतही पोचली. तिच्यावर चुना आणि गंधक एकत्र उकळून केलेलं द्रावण वापरत. मुळात मेंढ्यांची खरूज घालवायला हे द्रावण वापरलं जाई, ते झाडांवर आलं. बरीच वर्षं ते चाललं आणि मग चालेनासं झालं.

वॉशिंग्टन राज्यातले अ‍ॅक्सेल मेलँडर नावाचे कीटकशास्त्रज्ञ या प्रकाराकडे बारकाईने बघत होते. काही भागांत नेहमीची फवारणी करूनही खवले कीड जिवंत राहत होती, आणि द्रावण जास्त कडक केलं तरी राहत होती. शेतकरी म्हणत औषधात भेसळ आहे, औषधवाले म्हणत फवारणी नीट होत नाही. मेलँडर यांनी १९१४ साली एक लेख लिहिला आणि त्याच्या मथळ्यातच प्रश्न विचारला, कीटक फवारणीला प्रतिकारक होऊ शकतात का? डीडीटी यायच्या पंचवीस वर्षं आधी, प्रतिजैविकं यायच्याही आधी या माणसाने बोट नेमकं जागेवर ठेवलं होतं. आणखी एक गोष्ट त्यांनी बघितली. जी खवले कीड गंधकाला दाद देत नव्हती, ती तेलाने मरत होती.

शंभराहून जास्त वर्षं झाली, पण तेलाला पुरून उरेल असा किडीचा वाण तयार झाल्याचं ठळक उदाहरण कीटकशास्त्राची पुस्तकं देत नाहीत. कारण उघड आहे. विषाची एखादी कळ बदलून टाकणं सूक्ष्म जिवाला काही पिढ्यांत जमतं. हवेवाचून जगायला शिकणं मात्र सोपं नाही.

मग सगळ्यांनी तेलच का नाही वापरलं? कारण तेव्हाचं तेल चांगलं नव्हतं. रॉकेल हलकं, उडून जाणारं आणि झाडाला जाळणारं. १९२०च्या सुमारास अमेरिकेतल्या अर्कान्सासमध्ये खवले किडीने पुन्हा कहर केला, तेव्हा यंत्रांना घालायच्या जाड वंगणतेलाचं मिश्रण वापरून बघितलं गेलं आणि ते यशस्वी झालं. जाड तेल जास्त वेळ टिकतं, त्यामुळे गुदमरवायला सवड मिळते. पण जास्तच टिकलं तर झाडही गुदमरतं. कॅलिफोर्नियात विल्यम व्होल्क यांनी दुसरी बाजू धरली. तेलातले कोणते घटक झाडाला भाजतात हे शोधून ते सल्फ्युरिक आम्लाने धुऊन काढायचे, म्हणजे मागे स्वच्छ, पांढरं तेल उरतं. त्यांच्या नावाचं तेल १९२०च्या दशकात बाजारात आलं. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथल्या प्रयोगशाळेत पॉल चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०च्या दशकापासून अनेक वर्षं खपून कुठल्या जातीचं, किती जाडीचं, किती तापमानाला उकळणारं तेल कीड मारतं आणि झाड वाचवतं याची मोजमापं ठरवली. अशा तेलाला ‘सुपीरियर ऑइल’ हे नाव पडलं. आज दुकानात बागेसाठी जे तेल मिळतं ते याच घराण्यातलं.

आता या गोष्टीतला मला सर्वांत जास्त विचारात पाडणारा भाग.

इंग्लंडमध्ये १९२०च्या दशकात सफरचंदांच्या बागांत हिवाळ्यात डांबरापासून काढलेलं तेल फवारायची पद्धत सुरू झाली. खनिज तेलापेक्षा हे फार उग्र. माव्याची अंडी मेली. खोडावरचं शेवाळ आणि दगडफूलही गेलं. झाडं घासून पुसून ठेवल्यासारखी दिसू लागली आणि बागवाले खूश झाले. काही वर्षांतच तिथे लाल कोळी बोकाळला. तोवर तो बागेत असूनही कुणाच्या खिजगणतीत नव्हता. ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रातले ए. एम. मॅसी यांनी या दोन गोष्टींचा संबंध दाखवला. कोळ्यांना खाणारे जीव, म्हणजे शिकारी कोळी आणि छोटे ढेकूण, हिवाळ्यात सालीच्या भेगांत आणि शेवाळात दडून राहत. डांबरी तेलाने ते मेले आणि त्यांचं घरही गेलं. लाल कोळ्याची अंडी मात्र त्या तेलाला दाद देत नव्हती. म्हणजे चोराला सोडून पहारेकऱ्यालाच मारलं.

यातून धडा घ्यायला हवा होता. पण तेवढ्यात डीडीटी आलं. पॉल म्यूलर यांना १९३९ साली त्याचा कीटकनाशक गुण कळला, महायुद्धात त्याने हिवतापापासून आणि प्रलापक ज्वरापासून असंख्य माणसं वाचवली आणि १९४८ साली म्यूलर यांना नोबेल मिळालं. युद्धानंतर ते बागांत उतरलं. डीडीटीने बहुतेक सगळे कीटक मरत, कोळी मात्र मरत नसे. कोळ्यांना खाणारे भुंगेरे मरत. परिणाम काय झाला असेल ते ओळखा. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या बागांत कोळी ही पहिल्या क्रमांकाची कीड झाली. १९५६ साली अमेरिकेच्या वनखात्याने ८,८५,००० एकर जंगलावर विमानातून डीडीटी फवारलं. हेतू होता स्प्रूसच्या कळ्या खाणाऱ्या अळीचा नायनाट. पुढच्या उन्हाळ्यात माँटानातल्या हेलेना जंगलापासून आयडाहोपर्यंत झाडं तांबूस पडली. रेचल कार्सन यांनी १९६२च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये हा प्रसंग सविस्तर सांगितला आहे. कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या ए. डी. पिकेट यांचं कामही त्यांनी त्यात मांडलं आहे. पिकेट आणि त्यांचे सहकारी कमीत कमी आणि निवडक फवारणी करून मित्रकीटकांना जगवायचा प्रयत्न करत होते, आणि बागा त्यावर तगत होत्या.

मग कोळ्यांसाठी खास कोळीनाशकं निघाली. एकेक आलं, काही वर्षं चाललं आणि निष्प्रभ झालं. ज्या जिवाची पिढी आठ-दहा दिवसांची, त्याच्यापुढे आपल्या प्रयोगशाळा किती धावणार? या धावपळीत जुनं तेल पुन्हा आठवलं. कळ्या फुटायच्या बेताला, अंडी उबवायला आलेली असताना तेल फवारायचं. अंडं जितकं उबायला आलेलं, तितकी त्याला हवेची गरज जास्त, म्हणून तेव्हा तेल जास्त लागू पडतं. आणि तेल सुकून उडून गेलं की मागे विष उरत नाही. चार दिवसांनी कुठून तरी आलेला मित्रकीटक त्या फांदीवर बिनधास्त फिरू शकतो. डांबरी तेल आणि हे तेल यांतला फरक मला इथेच दिसतो. दोन्ही तेलंच, दोन्ही हिवाळ्यातच फवारायची. एकाने झाड निर्जंतुक केलं, दुसऱ्याने फक्त थोडा तोल सावरला.

हे झालं फळबागांचं. शोभेच्या आणि रस्त्याकडेच्या झाडांची तऱ्हा वेगळी. बागाईतदाराचं पोट झाडावर असतं, त्यामुळे तो डहाळी हातात घेऊन बघतो. वसाहतीतलं झाड सगळ्यांचं असतं, म्हणून कुणीच बघत नाही. ते तांबडं पडलं की मात्र सगळ्यांना दिसतं, आणि मग ‘काहीतरी मारा’ अशी ओरड होते.

आमच्या वसाहतीत रस्त्याच्या कडेला हेमलॉकची रांग आहे. सॉक्रेटिस जे प्याला ते हेमलॉक हे नव्हे हं, ती एक विषारी वनस्पती होती. हा नाजूक सुयांचा, सावलीत वाढणारा, शेकडो वर्षं जगणारा वृक्ष, पेनसिल्व्हेनियाचा राज्यवृक्ष. त्याच्यावर एक जपानी पाहुणी कीड आली आहे. १९५१ साली व्हर्जिनियातल्या रिचमंडजवळ ती पूर्व अमेरिकेत पहिल्यांदा नोंदली गेली. सुयांच्या बुडाशी कापसाचे बारीक पुंजके दिसतात आणि काही वर्षांत झाड वाळतं. या किडीने डोंगरच्या डोंगर उजाड केले आहेत. आमच्या झाडांवर ती दिसली तेव्हा एका कंत्राटदाराने मुळांशी इमिडाक्लोप्रिड ओतलं. हे औषध मुळांतून सुयांपर्यंत चढतं. पुढच्या वर्षी कापूस गेला आणि सगळे निर्धास्त झाले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात काही झाडं राखाडी-तांबूस दिसू लागली. कापूस तर कुठेच नव्हता.

वसाहतीच्या समितीत दोन मतं पडली. झाडं संपली, काढून टाका, हे एक. दुसरं असं की तेच औषध जास्त प्रमाणात द्या. ही रांग लावणारे शेजारी तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. ते बैठकीला येत, मागच्या खुर्चीवर बसत आणि काही बोलत नसत. मी त्या समितीत होतो, म्हणून वाचायला लागलो, आणि या लेखातला निम्मा इतिहास मला तेव्हा भेटला.

वाचताना कळलं की हे आमच्यापुरतं नव्हतं. मेरिलँड विद्यापीठातले मायकेल राऊप आणि सहकाऱ्यांनी २००४ सालीच इमिडाक्लोप्रिड दिलेल्या हेमलॉकवर कोळी वाढतात हे नोंदवलं होतं. त्याहून मोठं उदाहरण न्यूयॉर्कचं. १९९६ साली ब्रुकलिनमध्ये आशियाई लांबशिंगी भुंगेरा सापडला. त्याच्यापासून वाचवायला सेंट्रल पार्कमधल्या एल्म वृक्षांना इमिडाक्लोप्रिड दिलं गेलं. एल्मचं आधीच मोठं नुकसान झालेलं. १९३०पासून अमेरिकेत पसरलेल्या डच एल्म रोगाने गावंच्या गावं भुंडी केली होती, त्यामुळे उरलेले वृक्ष जिवापाड जपले जात. औषधानंतर त्या एल्मवर कोळी उसळले. राऊप आणि आदा श्चेपानियेत्स यांच्या गटाने २०११ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोळ्यांना खाणाऱ्या जिवांना ते औषध बाधत होतं, आणि त्यावर कडी म्हणजे औषध दिलेल्या झाडावरच्या कोळ्याच्या माद्या जास्त अंडी घालत होत्या. मॅसींचा डांबरी तेलाचा धडा, डीडीटीचा धडा, आणि आता तिसऱ्यांदा तोच. फक्त या वेळी औषध झाडाच्या आतून आलं.

न्यूयॉर्कमधल्या लोकांना मी दोष देत नाही. तो भुंगेरा झाड मारतोच, आणि त्यांच्यापुढे पर्याय थोडे होते. आमच्या हेमलॉकवरचा जपानी पाहुणाही झाड मारतोच. एक संकट टाळताना दुसरं बोलवावं लागणं हे शहाण्या माणसांच्याही वाट्याला येतं. पण दुसरं संकट आलं आहे हे ओळखायला तरी हवं.

ओळखायची पद्धत पोरखेळासारखी आहे. फांदीखाली पांढरा कागद धरायचा आणि फांदी कागदावर आपटायची. धूळ पडते, आणि क्षणभराने त्यातले काही कण चालू लागतात. संथ चालणारे बहुधा झाड खाणारे आणि तुरुतुरु पळणारे बहुधा त्यांना खाणारे. सूचीपर्णी झाडांवरचा हा कोळी थंड हवेचा. वसंतात आणि शरदात तो जोरात असतो, भर उन्हाळ्यात बहुतेक अंड्यांच्या रूपात पडून राहतो. गोंधळ इथेच होतो. चरून जातो तो मे महिन्यात, झाड तांबडं दिसतं जुलै-ऑगस्टमध्ये. आपण बघायला जातो तेव्हा आरोपी घटनास्थळी नसतो. मग कुणी म्हणतं दुष्काळ, कुणी म्हणतं बुरशी, आणि भलत्याच गोष्टीवर भलतंच फवारलं जातं. ऑक्टोबरमध्ये मी आमच्या झाडांखाली कागद धरला तेव्हा तो संथ कणांनी भरला. पळणारे दोन-तीनच होते.

तो कागद मी तसाच बैठकीला नेला. भाषणापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला. मतदानात एका मताने ठरलं की झाडं एक वर्ष ठेवायची, मुळांत औषध ओतणं थांबवायचं आणि मार्चअखेर दोन टक्के तेलाची फवारणी करायची. रात्री गोठणार नाही असा कोरडा दिवस बघून ते केलं. प्रत्येक सुई भिजायला हवी, कारण जिथे तेल लागत नाही तिथली अंडी वाचतात. हे तेल झाडात शिरून किडीला शोधत जात नाही, शोधायचं काम आपल्यालाच करावं लागतं. कापसाच्या किडीलाही हेच तेल चालतं, तो दुहेरी फायदा. त्या रांगेतली चार झाडं पुढे काढावी लागली. बाकीची आहेत. विरळ आहेत, पण मे महिन्यात त्यांच्या टोकांना पोपटी पालवी येते. ती लावणारे शेजारी आता नाहीत. पहिल्या फवारणीनंतरची पालवी त्यांनी पाहिली होती, याचं मला बरं वाटतं.

तेल म्हणजे रामबाण आहे असं मात्र समजू नका. निळ्या स्प्रूसवर ते मारलं तर निळी झाक पुसली जाते आणि झाड हिरवं दिसू लागतं. जपानी मेपल, अक्रोड अशा काही झाडांना ते सोसत नाही. गंधकाच्या फवारणीच्या आगेमागे ते मारलं तर झाड भाजतं. आणि ज्या कोळ्यांच्या माद्या हिवाळ्यात झाडाखालच्या पालापाचोळ्यात जाऊन बसतात, उदाहरणार्थ आपल्या ओळखीचा दोन ठिपक्यांचा कोळी, त्यांच्यावर हिवाळी तेलाचा उपयोग नाही, कारण ते झाडावर नसतातच. म्हणजे पुन्हा तेच आलं. कीड कोणती, ती कुठे आहे, या घडीला काय करते आहे हे माहीत असल्याशिवाय तेलाची बाटली उघडण्यात अर्थ नाही.

मला वाटतं, हे जुनं तेल वारंवार विसरलं गेलं त्याचं कारणही यातच आहे. नव्या औषधांनी आपल्याला न बघण्याची मुभा दिली. मुळांशी ओता आणि घरी जा. तेल ती मुभा देत नाही. ते वर्षातल्या ठरावीक आठवड्यातच चालतं, पुढच्या वर्षी पुन्हा करावं लागतं, आणि त्याच्या आधी फांदी हातात घ्यावी लागते. काश्मीरमधल्या सफरचंदवाल्यांना हे सांगायची गरज नाही. तिथल्या कृषी विद्यापीठाच्या फवारणीच्या वेळापत्रकात वसंताच्या तोंडावरचं खनिज तेल असतंच, आणि कळीचं हिरवं टोक दिसेपर्यंत ते थांबून राहतात. आजीची डाळही तशीच होती. एका दुपारी सगळ्या डाळीला हात लावायचा, दाणा न दाणा चोळायचा. मग वर्षभर डबा उघडला तरी चिंता नसायची.

असो. तुमच्या घराजवळ एखादं झाड विनाकारण तांबडं दिसत असेल तर आधी एक पांढरा कागद घेऊन त्याच्याखाली उभे राहा. औषधाचं नंतर बघू.